एका ओळीचा इतिहास : सर्व्हरवर पॅकेज बसवताना आपण कुणाचा शब्द मानतो?

मागच्या व्याख्यानानंतर तुमच्यापैकी काहींनी विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला काळ्या पडद्यावर आज्ञा टंकायचा हा नाद कुठून लागला? प्रश्न रास्त आहे. आमची ही व्याख्यानं ज्या सर्व्हरवर ठेवलेली आहेत तो आम्हीच सांभाळतो, आणि तो सांभाळता सांभाळता एका ओळीनं आम्हाला बरंच खाद्य पुरवलं. ती ओळ अशी : सुडो ॲप्ट इन्स्टॉल अपाचे२. एंटर दाबायचं, एकदा होय म्हणायचं, आणि मिनिटभरात जगाला पानं वाढणारा वेब सर्व्हर उभा. आज या एका ओळीचाच इतिहास सांगायचा आहे.

इतिहासाआधी एक छोटी आठवण करून देतो, कारण ती पुढे लागेल. नैयायिक ज्ञानाची चार साधनं मानतात : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे कुणाचाही शब्द नव्हे, तर आप्ताचा. आणि आप्त कोण? वात्स्यायनाचं स्पष्टीकरण आम्हाला फार आवडतं. ज्यानं वस्तू स्वतः नीट जाणली आहे, आणि जशी जाणली तशीच ती सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. तो ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ, लक्षण सगळ्यांना सारखंच लागू. म्हणजे जात-कूळ बघायचं नाही, दोनच गोष्टी बघायच्या : जाणतो का, आणि खरं सांगू इच्छितो का. आता ही ओळ टंकताना आपण काय करतो ते बघा. न पाहिलेल्या माणसांनी बांधलेलं गाठोडं आपण स्वतःच्या यंत्रावर, सर्वाधिकार देऊन उघडतो. सुडो या शब्दाचं कामच ते. १९८० च्या सुमारास बफेलोच्या विद्यापीठात तो लिहिला गेला, आणि त्याचा अर्थ एवढाच, की पुढची आज्ञा यंत्राच्या मालकाच्या हक्कानं पार पाड.

ही वेळ आपल्यावर आली कशी? पूर्वी असं नव्हतं.

१९९५ सालात जाऊया. तेव्हाचा लोकप्रिय वेब सर्व्हर अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या केंद्रात रॉब मॅकूल यांनी लिहिलेला होता. १९९४ च्या मध्यावर ते तिथून गेले आणि प्रोग्रॅम पोरका झाला. पण तो जगभर चालू होता, लोक आपापल्या यंत्रावर त्यातले दोष दुरुस्त करत होते, आणि त्या दुरुस्त्यांची ठिगळं एकमेकांना ईमेलनं पाठवत होते. ही ठिगळं एका जागी शिवावीत म्हणून फेब्रुवारी १९९५ मध्ये आठ जणांचा गट जमला, आणि एप्रिलमध्ये अपाचेची पहिली सार्वजनिक आवृत्ती निघाली. ठिगळांना इंग्रजीत पॅच म्हणतात, म्हणून ‘अ पॅची सर्व्हर’चं अपाचे झालं, अशी कथा लगेच पसरली. नाव त्या मूलनिवासी जमातीच्या आदरापोटी घेतलं, असंही गटातल्यांनी सांगितलं आहे. श्लेष मात्र इतका चपखल आहे, की तो कुणाला सोडवत नाही. १ डिसेंबर १९९५ ला आवृत्ती १.० आली, आणि गट जमल्यापासून जेमतेम सव्वा वर्षात हा ठिगळांचा अंगरखा इंटरनेटवर सगळ्यात जास्त वापरला जाणारा सर्व्हर झाला.

पण तो बसवायचा कसा? मूळ सांकेतिक लिखाण, म्हणजे सोर्स कोड, उतरवून घ्यायचा. टार नावाच्या प्रोग्रॅमनं गाठोडं सोडायचं. मग आपल्या यंत्राला साजेशा नोंदी करून मेक ही आज्ञा द्यायची. संगणक पुष्कळ वेळ पडद्यावर ओळी सोडत बसायचा. एखादी लायब्ररी नसली की गाडी तिथेच थांबायची, ती शोधून आणा, तीही अशीच बांधा, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. शेवटी तयार झालेल्या फाइली योग्य त्या जागी जायच्या. कुठं कुठं गेल्या याची नोंद? बहुधा कुणाकडेच नाही. त्यामुळे काढून टाकायची वेळ आली की पंचाईत.

या मेकची गोष्ट सांगितल्याशिवाय आम्हाला पुढे जाववत नाही. तो बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली लिहिला. निमित्त काय, तर एका सहकाऱ्यानं अख्खी सकाळ एका बरोबर असलेल्या प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात घालवली. चूक त्यानं आधीच सुधारली होती, फक्त ती फाइल पुन्हा बांधायची राहिली होती! म्हणजे कागदावर एक आणि चालतंय दुसरंच. कुठली गोष्ट कशावर अवलंबून आहे हे एकदा लिहून ठेवावं, आणि काय शिळं झालं ते यंत्रानं ठरवावं, ही मेकमागची कल्पना. त्यात आज्ञेच्या ओळीआधी टॅब द्यावा लागतो, चार मोकळ्या जागा दिल्या तर चालत नाही. अनेक पिढ्यांनी त्यापायी डोकं धरलं आहे. ते आपल्यालाही पुढे खटकलं, पण तोवर डझनभर वापरणारे झाले होते आणि त्यांची घडी मोडवेना, असं खुद्द फेल्डमन यांनी सांगितलं आहे. डझनभर माणसांची भीड, आणि लाखोंचा मनस्ताप. रूढी कशा पडतात याचं याहून चांगलं उदाहरण आम्हाला वर्गात कधी सापडलं नाही.

असो. या जुन्या पद्धतीत एक मोठी गोष्ट होती. वाचू म्हणाल तर सगळं डोळ्यांसमोर होतं, म्हणजे तत्त्वतः तरी प्रत्यक्ष प्रमाण होतं. वाचत कुणी नसे, हा भाग वेगळा.

आता दुसरा धागा. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा जाहीर केल्यावर, तो आणि त्याभोवतीचं साहित्य एकत्र बांधून देणारी ‘वितरणं’ निघू लागली. त्यातलं एक एसएलएस. ते दोषांनी इतकं भरलेलं होतं, की पर्ड्यू विद्यापीठातला एक विद्यार्थी वैतागला. त्याचं नाव इयन मर्डॉक. १६ ऑगस्ट १९९३ ला त्यानं नव्या वितरणाची घोषणा केली आणि त्याला आपल्या मैत्रिणीचं, डेब्राचं, नाव आपल्या नावाला जोडून दिलं : डेबियन. पोराचं वय वीस, एवढंच लक्षात असू द्या.

मर्डॉकच्या कल्पनेतलं नवेपण तंत्रापेक्षा समाजरचनेत आहे, असं आमचं मत आहे. एकट्या माणसाला सगळं सांभाळता येत नाही, तेव्हा प्रत्येक पॅकेजला एक सांभाळणारा, एक मेन्टेनर नेमायचा. त्यानं मूळ लेखकाकडून सोर्स घ्यायचा, ठरलेल्या नियमांप्रमाणे बांधायचा, आणि त्यावर आपलं नाव घालायचं. लेखक आणि वापरणारा यांच्यामध्ये हा तिसरा माणूस आला. पैसे नाहीत, बहुतेकांची एकमेकांशी गाठही पडलेली नाही. तरी हे तीस वर्षांहून जास्त काळ चाललं आहे. २०२३ मध्ये त्यांची वार्षिक परिषद आपल्याकडे कोचीला भरली होती.

तिसरा माणूस आला की हिशेबाची वही लागते. ती वही म्हणजे डीपीकेजी हा प्रोग्रॅम. इयन जॅक्सन यांनी १९९४ मध्ये तो नव्यानं लिहिला. कुठलं पॅकेज बसलं, त्याच्या कुठल्या फाइली कुठं गेल्या, आणि त्याला आणखी कोण कोण लागतं, हे सगळं या वहीत. आपल्या यंत्रावर ‘डीपीकेजी, वजा मोठा एल, अपाचे२’ असं टंका, ते पॅकेज आपली प्रत्येक फाइल मोजून दाखवील. ‘वजा मोठा एस’ लिहून फाइलचं नाव द्या, ती कुणाची आहे ते सांगील. मेकच्या जमान्यात हा प्रश्न विचारायची सोयच नव्हती.

जाता जाता एक गंमत. डेबियनची १.० ही आवृत्ती अधिकृतपणे कधी निघालीच नाही. एका सीडी विक्रेत्यानं अर्धवट तयार मजकुरावर १.० लिहून विकायला काढलं. घोटाळा टाळायला प्रकल्पानं तो आकडाच सोडून दिला आणि जून १९९६ मध्ये थेट १.१ काढली. नाव आप्ताचं आणि माल भलत्याचाच, या दुखण्याची ही पहिली कळ. पुढे मोठी येणार आहे.

डीपीकेजीमध्ये एक उणीव होती. ‘याला ते लागतं आणि ते इथे नाही’ एवढं सांगून ते गप्प बसायचं. आणायचं तुम्ही. लागणाऱ्याला आणखी काही लागायचं. बाजारात हळद आणायला गेलो आणि दुकानदार म्हणाला आधी पिशवी आणा, तसं. डीसिलेक्ट नावाचा एक मदतनीस होता, पण त्याच्या वाटेला जाणारे हात जोडून बाहेर पडत. म्हणून १९९८ मध्ये ॲप्टचं काम सुरू झालं. मार्च १९९९ मधल्या डेबियन २.१ बरोबर ते लोकांच्या हाती आलं. ॲप्ट दूरच्या भांडारातली यादी वाचतं, सगळी अवलंबनं जुळवतं, एकमेकांशी न पटणाऱ्यांना वेगळं ठेवतं, हवं ते उतरवतं आणि योग्य क्रमानं डीपीकेजीच्या हवाली करतं. ही जुळवाजुळव गणिताच्या दृष्टीनं सर्वांत अवघड समजल्या जाणाऱ्या प्रश्नांच्या वर्गात मोडते, हे नंतर सिद्ध झालं. तरी व्यवहारात ती सेकंदात होते. १ एप्रिल २०१४ ला ॲप्ट सोळा वर्षांचं झालं, तेव्हा त्याची १.० आवृत्ती निघाली आणि आपण आज वापरतो ती सुटसुटीत आज्ञा आली. ‘ॲप्ट-गेट मू’ असं टंकलं की पडद्यावर अक्षरांची गाय उभी राहते. का, ते विचारू नका. आम्ही नातवाला दाखवली, त्याला सगळ्या व्याख्यानांपेक्षा ती आवडली.

आता आपण ओळ टंकली आहे. आत काय होतं? आधी गाठोडं सुटतं, फाइली जागेवर जातात. मग ‘कॉन्फिगर’ ही दुसरी पायरी, तिथं मेन्टेनरनं लिहिलेली छोटी स्क्रिप्ट चालते, तीही मालकाच्या हक्कानं. नवशिके ही गोष्ट विसरतात, की पॅकेज म्हणजे नुसता माल नव्हे, त्याबरोबर आलेला गडीही घरात शिरतो. अपाचे उठताना मालकाच्या हक्कानं ८० क्रमांकाचं दार धरतो, कारण १०२४ च्या खालची दारं युनिक्सच्या जुन्या रिवाजाप्रमाणे सामान्य वापरणाऱ्याला मिळत नाहीत. मग लोकांच्या विनंत्या हाताळायला तो डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा नावाच्या गरीब, हक्क नसलेल्या खात्यानं काम करणारी पोरं पुढे करतो. चोर शिरलाच तर ओसरीवरच राहावा, आत नाही.

संकेतस्थळांच्या नोंदींसाठी डेबियननं दोन फडताळं केली आहेत, एक ‘उपलब्ध’, एक ‘चालू’. उपलब्धमध्ये फाइल लिहायची, ए२एनसाइट म्हटलं की चालूमध्ये तिच्याकडे बोट दाखवणारी खूण ठेवली जाते. बंद करायचं तर खूण काढायची, मूळ लिखाणाला हात लावायचा नाही. अपाचेच्या मूळ कर्त्यांची ही मांडणी नव्हे, मेन्टेनरांची आहे. सर्व्हरला नव्या नोंदी वाचायला लावायच्या तर सिस्टमसीटीएल रीलोड, पूर्ण पाडून उभा करायचा तर रीस्टार्ट. रीलोड शक्य असेल तिथं तोच द्यावा, म्हणजे वाचत बसलेल्या पाहुण्याच्या हातातलं पान हिसकावलं जात नाही. आणि पॅकेज काढतानाही दोन शब्द आहेत. रिमूव्ह म्हटलं तर प्रोग्रॅम जातो, पण तुमच्या नोंदी मागे राहतात. पर्ज म्हटलं की त्याही जातात. घाईत पर्ज म्हणू नका.

आता आमची फजिती. काही वर्षांपूर्वी आम्ही सर्व्हरची आवृत्ती वाढवत होतो. मध्येच डीपीकेजी थांबलं आणि म्हणालं, अमुक नोंदींच्या फाइलमध्ये तुम्ही बदल केले आहेत, आणि मेन्टेनरनंही नवी फाइल पाठवली आहे. काय करू? वाय म्हटलं तर त्याची घेतो, एन म्हटलं तर तुमची ठेवतो, डी म्हटलं तर दोन्हींतला फरक दाखवतो. काही न म्हणता एंटर दाबलं तर तुमचीच राहते. या प्रश्नामागे केवढा विवेक आहे बघा! बाकी सगळ्या फाइली पॅकेजच्या मालकीच्या, त्या न विचारता बदलल्या जातात. पण नोंदींच्या फाइलींवर घरमालकाचा हक्क मानला आहे. दोघांनीही हात लावला असेल तरच प्रश्न येतो, एकानंच लावला असेल तर येत नाही. आम्ही मात्र डी न दाबता, मेन्टेनर आपल्यापेक्षा जाणता असणार अशा श्रद्धेनं वाय दाबलं.

झालं असं, की आमची व्याख्यानं नेहमीच्या जागेबाहेरच्या एका फोल्डरमध्ये होती, आणि त्याला परवानगी देणाऱ्या चार ओळी आम्ही त्याच फाइलमध्ये लिहिल्या होत्या. त्या गेल्या. सर्व्हर छान उठला. तपासणीची आज्ञा दिली, ‘सिंटॅक्स ओके’ असं उत्तर आलं. वाक्य व्याकरणशुद्धच होतं, फक्त ते आमचं नव्हतं! दोन दिवस येणाऱ्या प्रत्येकाला ‘फॉर्बिडन’ एवढाच शब्द दिसत होता, आणि एका ज्येष्ठ श्रोत्यांनी फोन करून विचारलं, “सर, आमचं काही चुकलं का?” तो प्रश्न अजून टोचतो. शेवटी आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीनं फोनवरूनच सांगितलं, “सर, त्याच फोल्डरमध्ये बघा, शेवटी डॉट डीपीकेजी-ओल्ड असलेली फाइल असेल.” होती. आमची जुनी फाइल त्या प्रोग्रॅमनं नाव बदलून जपून ठेवली होती. आता आमच्या ओळी आम्ही आमच्या स्वतंत्र फाइलमध्ये ठेवतो, मेन्टेनरच्या फाइलीत लुडबूड करत नाही.

ही फजिती किरकोळ. खऱ्या परीक्षा वेगळ्याच होत्या.

नोव्हेंबर २००३ मध्ये डेबियनच्याच काही सर्व्हरमध्ये घुसखोरी झाली. तपास झाला, पॅकेजांचं भांडार शाबूत निघालं. पण ते शाबूत नसतं तर तुम्हाआम्हाला कळलं कसं असतं? तोवर ॲप्ट सहीची तपासणी करतच नव्हतं. एप्रिल २००७ च्या डेबियन ४.० पासून ती आली. भांडाराच्या मुख्य यादीवर सही, त्या यादीत उपयाद्यांचे ठसे, उपयाद्यांत प्रत्येक पॅकेजचा ठसा. साखळी जुळली तरच माल आत. मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असतं, बाध येईपर्यंत माना. नैयायिक म्हणतात, प्रामाण्य बाहेरून तपासून घ्या. एंटर दाबणारे आपण सारे मीमांसक, आणि आपल्या वतीनं नैयायिक होणारं ॲप्ट.

पण सही काय सिद्ध करते? शब्द त्याचाच आहे, एवढंच. तो आप्त आहे, हे सहीला सांगता येत नाही.

१३ मे २००८ ला डेबियननं जाहीर केलं, की सप्टेंबर २००६ पासून आपल्या ओपनएसएसएल पॅकेजनं बनवलेल्या गुप्त किल्ल्या दुबळ्या आहेत. घडलं होतं असं. व्हॅलग्रिंड नावाचं दोष शोधणारं साधन एका ओळीविषयी कुरकुर करत होतं. मेन्टेनरनं मूळ कर्त्यांच्या मंडळात विचारलंही, कुणी अडवलं नाही. त्यानं ओळी काढल्या, आणि त्यांबरोबर किल्लीत यदृच्छा मिसळणारी ओळही गेली. उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे एका प्रकारच्या किल्ल्या सगळ्या मिळून सुमारे ३२ हजार. चोरानं त्या एका दुपारीत बनवून खिशात ठेवाव्यात. जगभरच्या सर्व्हरवरच्या किल्ल्या बदलाव्या लागल्या. इथं सांगायची इच्छा स्वच्छ होती, सही खरी होती, वस्तू मात्र पुरती जाणलेली नव्हती. वात्स्यायनाच्या लक्षणातला पहिला भाग तुटला.

दुसरा भाग तुटला २०२४ मध्ये. एक्सझेड ही फाइली दाबून लहान करणारी साधी लायब्ररी. ती एकटा माणूस फुकट सांभाळत होता आणि दमला होता. जिया टॅन हे नाव लावणाऱ्या कुणीतरी दोन-एक वर्षं चांगलं काम करून विश्वास मिळवला, सांभाळण्याचे हक्क मिळवले, आणि ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार बसवलं. खुबी अशी, की सगळ्यांना दिसणाऱ्या सोर्समध्ये ते पूर्ण नव्हतंच, पुरं होत होतं ते वितरणाच्या गाठोड्यात. आणि पॅकेज बांधलं जात आहे असं दिसलं तरच ते जागं होई. दूरस्थ प्रवेशाच्या ओपनएसएसएचला ही लायब्ररी मुळात लागतही नाही. पण डेबियनसारख्या वितरणांनी सिस्टमडीशी जुळवून घ्यायला एक ठिगळ लावलं होतं, त्या ठिगळाला सिस्टमडीची लायब्ररी लागे, आणि तिला एक्सझेड. हळद, पिशवी, आणि पिशवीत साप.

तो सापडला तो आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या विकासकाला. आपल्या डेबियनच्या अस्थिर आवृत्तीवर प्रवेश करताना अर्धा सेकंद जास्त लागतो, हे त्याला खटकलं, आणि काही आठवड्यांपूर्वी व्हॅलग्रिंडनं केलेली एक विचित्र कुरकुर त्याला आठवली. २९ मार्च २०२४ ला त्यानं जगाला सांगितलं. बघा कसं आहे. २००६ मध्ये व्हॅलग्रिंडची कुरकुर मुकाट्यानं ऐकली म्हणून अनर्थ झाला, आणि २०२४ मध्ये तिचा माग काढला म्हणून टळला. साधन तेच. फ्रॉइंडनं कुरकुर बंद केली नाही, ती का आहे ते विचारलं.

यावर उपाय निघाला आहे का? केन थॉम्पसन, म्हणजे युनिक्सचे एक जनक, यांनी ट्यूरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात, जे १९८४ मध्ये छापलं गेलं, दाखवलं होतं, की कम्पायलरमध्येच दगा असला तर सोर्स अक्षर अन् अक्षर वाचूनही तो दिसणार नाही. म्हणजे आम्ही मघाशी ज्या प्रत्यक्ष प्रमाणाचं गुणगान केलं तेही पुरतं नाही. डेबियनमध्ये २०१३ पासून एक चळवळ चालू आहे, एकाच सोर्समधून वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या यंत्रांवर पॅकेज बांधलं तर प्रत्येक बिट सारखाच यावा. तो तसा आला, तर एका आप्तावर भार राहत नाही, अनेक साक्षीदारांची साक्ष जुळते. काम कंटाळवाणं आहे. गाठोड्यात नुसती बांधल्याची तारीख शिरली तरी साक्ष जुळत नाही.

आमच्या विद्यार्थिनीनं परवा विचारलं, सर, सुरक्षेचे बदल आपोआप बसू द्यायचे की नाही? आम्ही आठवडाभर विचार केला. एक्सझेडचं ते विष स्थिर आवृत्तीपर्यंत पोचलंच नव्हतं, आणि जुनी, माहीत असलेली भोकं उघडी ठेवण्यात धोका रोजचा आहे. शेवटी सुरक्षेचे बदल आपोआप बसू द्यायचे असं ठरवलं. बाकीचे आम्ही रविवारी सकाळी, चहा झाल्यावर, हातानं बसवतो. आधी ॲप्ट अपडेट, म्हणजे फक्त यादी ताजी होते, मग काय काय येणार ते वाचतो, आणि मग अपग्रेड. प्रश्न आलाच तर डी दाबतो. वेळ लागतो, पण पेन्शनर माणसाला त्याची अडचण नाही.